स्तुती आणि ऐकून घेणे

शब्बाथच्या संध्याकाळी पुष्कळ यहुदी घरांतून 'एशेत हायिल' म्हटले जाते. त्यातील सद्गुणी स्त्री पहाटे उठते, सूत कातते, शेत पारखून विकत घेते, गोरगरिबांना हात देते. नवरा व मुले तिची स्तुती करतात. परंतु स्तुती करणे निराळे आणि ऐकून घेणे निराळे. जिची आपण स्तुती करतो, तिचे म्हणणे आपण ऐकतो का? आणि न ऐकणे हा अन्याय आहे का?

मेरी विल्किन्स फ्रीमन या अमेरिकन लेखिकेची १८९० साली प्रसिद्ध झालेली 'द रिव्होल्ट ऑफ मदर' ही लघुकथा या प्रश्नावर फार चांगला प्रकाश टाकते. सारा पेन ही शेतकऱ्याची बायको. लग्न झाले तेव्हा नवऱ्याने तिला नवे घर बांधून देण्याचे वचन दिले होते. चाळीस वर्षे लोटली. आता त्याच जागेवर तो गुरांसाठी नवा गोठा बांधतो. सारा त्याला समोर बसवून सर्व काही स्पष्ट सांगते. मला काही बोलायचे नाही, एवढेच त्याचे उत्तर. तरीही सारा त्याच्या आवडीचे पदार्थ करीत राहते. पुढे तो घोडा पाहण्यासाठी परगावी जातो, तेव्हा ती सगळा संसार उचलून त्या नव्या गोठ्यात मांडते. परत आल्यावर नवरा रडतो. तिच्या मनाला हे एवढे लागले असेल याची आपल्याला कल्पना नव्हती, असे तो म्हणतो.

हा मनुष्य दुष्ट नाही. तो कष्टाळू आहे, घराला काही कमी पडू देत नाही. म्हणूनच ही कथा आपल्याला बोचते. 'मला कळले नाही' ही सबब, ज्याला कोणी सांगितलेच नाही त्याला शोभते. साराने सांगितले होते. तिच्या गप्प बसण्याला त्याने संमती मानले, कारण तसे मानणे त्याच्या सोयीचे होते.

अशा कथांनी संसार मोडतात, असे कोणी वडीलधारे म्हणतील. पण साराने संसार मोडला नाही, फक्त त्याची जागा बदलली. आणि शब्द वाया गेल्यावर कृती करावी लागते, हे या आमच्या मँचेस्टरनेही पाहिले आहे. १९०३ साली येथील नेल्सन स्ट्रीटवरील घरात एमेलिन पँकहर्स्टबाईंनी स्त्रियांची मताधिकार संघटना स्थापन केली, ती अर्ज-विनंत्यांची वर्षे फुकट गेल्यामुळेच. गंमत अशी की, १९१७ साली फ्रीमनबाईंनी स्वतःच लिहिले की आपली कथा खोटी आहे, तिच्या प्रांतातली कोणतीही बाई असे धाडस करणार नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडात तीस वर्षांवरील पुष्कळ स्त्रियांना मत मिळाले!

त्याच १९१७ साली सुझन ग्लास्पेल यांची 'अ ज्युरी ऑफ हर पिअर्स' ही कथा आली. नवऱ्याच्या खुनाचा आरोप एका बाईवर आहे. पुरुष पुरावा शोधत घरभर फिरतात आणि स्वयंपाकघराला हसतात. तेथेच दोन बायकांना मान पिरगळलेला पक्षी सापडतो. तिचे दुःख ओळखून त्या तो पुरावा लपवितात. हे योग्य झाले का? मला तसे म्हणवत नाही, कारण मेलेल्या माणसाचीही बाजू असते. पण ज्यांचे कोणी ऐकत नाही, ते शेवटी आपले न्यायालय गुपचूप भरवितात, हा धडा मात्र खरा आहे.

आपल्या तोराहमध्ये देवाने अब्राहामाला सारेचे ऐकण्यास सांगितले. पण तिचे ऐकल्यामुळे हागार व तिचा मुलगा रानात गेले, आणि तेथे देवाने त्या मुलाचाही आवाज ऐकला. म्हणजे एकीचे ऐकले की काम संपले असे नाही. दाराबाहेर कोण उरले, तेही पाहावे लागते. सलाफहादाच्या पाच मुलींनी वारसा मागितला, तेव्हा मोशेने त्यांना परत पाठविले नाही, त्यांचे म्हणणे देवापुढे नेले. ऐकून घेणे म्हणजे हेच. प्रत्येक वेळी होकार द्यावा असे नाही. पण तिच्या शब्दामुळे आपला निर्णय बदलू शकतो, एवढी जागा मनात हवी.

डॉ. जेरुशा झिराड यांचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु एका डॉक्टरीणबाईचा अभिमान बाळगणे सोपे. आपल्याच चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला विचारणे कठीण. मुंबईत राहायचे, इस्राएलला जायचे की इंग्लंडला यायचे, हे ठरले तेव्हा आपल्या आईचे, आजीचे मत कोणी विचारले होते का? ज्यांच्या घरी त्या अजून आहेत, त्यांनी येत्या शब्बाथला जेवण झाल्यावर हा प्रश्न जरूर विचारावा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.

— एक भगिनी, मँचेस्टर