‘हे’ म्हणजे कोण?

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आश्विन सरत आलेला असेल. निदान आमच्या घरी. बुऱ्हाणपुरात आमच्या भिंतीला भिंत लागून ज्यांचे घर आहे, त्या हिंदी भाषक शेजाऱ्यांकडे मात्र कार्तिक लागून पंधरवडा होत आलेला असेल. लक्ष्मीपूजन दोन्ही घरी एकाच रात्री, आकाशातली अमावास्याही एकच. पण आमची ती आश्विनातली आणि त्यांची कार्तिकातली. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचे पटते आणि वद्य पक्षात महिन्याच्या नावाचे अंतर पडते. माझी आई रावेरकडून लग्न होऊन इथे आली, तेव्हा पहिल्याच वर्षी शेजारणीने अंगणातून सांगितले, “सावन लग गया.” आईने लगेच श्रावणी सोमवार धरले आणि आपला श्रावण लागायच्या पंधरा दिवस आधीपासून उपास केले. शेजारीण खोटे बोलली नव्हती, आईने चुकीचे ऐकले नव्हते. शब्द एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेला, एवढेच.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. चकलीचा तुकडा मोडता मोडता तो त्याच्या कामातली एक अडचण सांगू लागला. मी संस्कृतचा एम. ए.; संगणकातले मला काय कळणार, म्हणून आधी नुसती मान हलवत होतो. पण जसजसे तो सांगत गेला, तसतसा मी खुर्चीत पुढे सरकत गेलो.

लिस्प नावाची एक संगणकभाषा आहे. जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५८ साली तिची मांडणी सुरू केली. या भाषेचा विशेष असा, की तिच्यात प्रोग्रॅम हा ज्या आकारात लिहितात, त्याच आकारात साधी माहितीही लिहितात. म्हणून एका प्रोग्रॅमला दुसऱ्या प्रोग्रॅमचा मजकूर तयार करून देता येतो. १९६३ साली टिमोथी हार्ट यांनी या भाषेत ‘मॅक्रो’ची सोय सुचवली. फंक्शन हे स्वतः काम करून उत्तर आणून देते. मॅक्रो काम करत नाही. तो कामाचा मजकूर लिहून देतो, आणि जिथे बोलावले तिथे तो मजकूर जसाच्या तसा चिकटतो. पुढचे काम त्या घरात, त्या घराच्या रीतीने होते.

आता अडचण अशी. मजकुरात एखादे नाव असते, ज्याचा अर्थ त्या मजकुरातच दिलेला नसतो. तो बाहेरून घ्यायचा असतो. याला ते लोक मुक्त नाव म्हणतात. समजा, एकाने कराची रक्कम काढणारा मजकूर लिहिला: किंमत गुणिले दर. ‘दर’ म्हणजे कराचा दर, असे त्याने आपल्या कागदावर वर कुठेतरी ठरवून ठेवले आहे. हा मजकूर मॅक्रो म्हणून दुसऱ्याच्या हिशेबात चिकटवला. तो दुसरा आहे आमच्याकडचा पॉवरलूमवाला. त्याच्या हिशेबात ‘दर’ म्हणजे मीटरमागे कापडाचा भाव. यंत्र कुरकूर करत नाही. ‘दर’ मागितला, घरात ‘दर’ सापडला, गुणाकार झाला, आकडा आला. चुकीचा आकडा, पण अगदी बिनचूक गुणाकाराचा.

मी त्याला म्हटले, अरे, हे मी सात वर्षांचा असताना केले आहे.

आमचे एकत्र कुटुंब होते. आजी, आई, दोन काकू. आणि चौघींपैकी एकीनेही कधी नवऱ्याचे नाव घेतले नाही. प्रत्येकीचे ‘हे’. चार ‘हे’ एका घरात नांदत होते आणि कधी घोटाळा झाला नाही, कारण बोलणारी समोर उभी असे आणि तिचा ‘हे’ तिच्यापाशीच बांधलेला असे. एके सकाळी आईने मला पिटाळले, “जा, काकूला सांग, ह्यांचा डबा आधी भर, हे आज लवकर निघणार आहेत.” मी धावत जाऊन शब्दन् शब्द सांगितला. काकूने काकांचा डबा भरला. वडील डब्यावाचून मिलमध्ये गेले आणि मला धपाटा बसला. मला अजून वाटते, तो अन्याय होता. मी एक अक्षर बदलले नव्हते.

“सर, म्हणूनच तर बसला,” विद्यार्थी हसून म्हणाला. “तुम्ही मॅक्रो होतात. आई स्वतः गेल्या असत्या तर ते फंक्शन झाले असते.”

मग त्याने इतिहास सांगितला. सुरुवातीच्या लिस्पमध्ये फंक्शनचीही अवस्था माझ्यासारखीच होती. मुक्त नावाचा अर्थ ते ज्याने बोलावले त्याच्या घरातून उचलत असे. एका सहकाऱ्याचे फंक्शन यामुळे भलतेच वागू लागले, तेव्हा मॅकार्थींना ती कुठलीतरी किरकोळ चूक वाटली आणि स्टीव्ह रसेल ती लवकरच दुरुस्त करतील असा त्यांना भरवसा होता, हे त्यांनी स्वतःच पुढे प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. चूक किरकोळ नव्हती. ती मुळात होती. १९७५ साली सस्मन आणि स्टील यांनी स्कीम नावाची लिस्पची बहीण घडवली, तिच्यात फंक्शन आपले जन्मघर बरोबर घेऊन हिंडते. मॅक्रो मात्र तसाच राहिला. १९८६ साली कोलबेकर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी त्यावर उपाय मांडला: मॅक्रोने आणलेल्या प्रत्येक नावाने आपण कुठे लिहिले गेलो ते लक्षात ठेवायचे, आणि गरज पडली तर गुपचूप नाव बदलून वागायचे, म्हणजे यजमानाच्या घरातल्या नावाशी त्याची गाठ पडणार नाही. याला त्यांनी आरोग्याच्या भाषेतला शब्द दिला, हायजीन. मी म्हटले, आपल्याकडे त्याला सोवळे म्हणतात. हे सोवळ्यातले मॅक्रो आणि ते ओवळ्यातले. (सोवळे शब्द उच्चारताना माझी जीभ थोडी अडखळली, कारण त्या शब्दाने आपल्या समाजात पुष्कळ माणसांना दाराबाहेर उभे केले आहे. यंत्रातले सोवळे त्या मानाने निरुपद्रवी; तिथे कोणाला बाहेर ठेवत नाहीत, फक्त दोन नावांची सरमिसळ होऊ देत नाहीत.)

“मग जे ओवळ्यात लिहितात, ती चूक कोणाची?” मी विचारले.

तो म्हणाला, “वापरणाऱ्याची. आतला मजकूर वाचून घ्यायला हवा.” मी मान डोलावली. तो गेल्यावर मात्र रात्री मला झोप लागली नाही.

आमच्या शाळेचा पत्रव्यवहार हिंदीतून चालतो. माझे हिंदी बरे आहे, असा माझा समज आहे, आणि समज असलेला माणूस मजकूर जपून ठेवतो. एका मुलाच्या वागणुकीबद्दल मी फार वर्षांपूर्वी एक परिच्छेद लिहिला होता: ‘उपरोक्त छात्र का आचरण’ इथून सुरू होणारा, कडक पण सभ्य. तो ऑफिसच्या संगणकात ठेवलेला होता. लागेल तिथे बडे बाबू तो उचलून लावत. एका वर्षी एका वसतिगृहाने आमच्या दोन मुलांबद्दल अभिप्राय मागवला. पहिल्या मुलाबद्दल मला तक्रार होती, दुसऱ्याबद्दल अवाक्षर नव्हते. मी बडे बाबूंना सांगितले, “तो आचरणाचा मजकूर टाका.” त्यांनी दोन्ही नावे एकाखाली एक लिहिली आणि शेवटी मजकूर टाकला. ‘उपरोक्त’ म्हणजे वर जो असेल तो. वर दुसरा मुलगा होता. मी सही केली. माझाच मजकूर, त्यात वाचायचे काय?

पहिल्याला जागा मिळाली. दुसऱ्याला नाकारली. कळले तेव्हा मी बडे बाबूंवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, “सर, मी तुमचाच मजकूर जसाच्या तसा ठेवला. एक काना बदलला नाही.” मॅकार्थींसारखेच मलाही तेव्हा वाटले, की ही कारकुनी चूक आहे, कोणीतरी दुरुस्त करील. खुलाशाचे पत्र पाठवले. तोवर जागा भरल्या होत्या. मुलगा वडिलांबरोबर लूमवर जाऊ लागला.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला आहे. जैमिनींच्या मीमांसेचा नववा अध्याय ‘ऊह’ या विषयाला वाहिलेला आहे. एका यज्ञासाठी ठरलेला मंत्र दुसऱ्या यज्ञात न्यायचा, तर पहिल्यातला अग्नी तसाच ठेवून चालत नाही; दुसऱ्यात देवता सूर्य असेल, तर तिथे सूर्याचेच नाव घालावे लागते. न्यायचे काय आणि बदलायचे काय, याचे नियम आहेत. आणि मला सर्वांत सुंदर वाटते ते हे, की असा बदलून घातलेला शब्द, किंवा यजमानाचे घातलेले नाव, हे मीमांसक मंत्रात धरतच नाहीत. मंत्र वेगळा आणि त्यातली भरायची जागा वेगळी, हे त्यांनी स्वच्छ ओळखले होते. व्यवहारात मात्र पाठांतर जिंकते. लहानपणी आमच्याकडे दक्षिणेकडून एक गुरुजी आले होते. संकल्पात त्यांनी आम्हाला गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसवले. आजोबांनी हात वर करून थांबवले आणि म्हणाले, “गुरुजी, तापी. आणि उत्तर तीर.”

उलट उदाहरणही गावातच आहे. आमच्या जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहाने अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरवला आहे, इसवी सन १५९० चा. त्यात विक्रम संवत् १६४६ दिले आहे, शके १५११ ही दिले आहे, आणि संवत्सराचे नाव विरोधी हेही. नुसता १६४६ कोरला असता तर तो इसवीचा समजणारा छप्पन्न वर्षे पुढे गेला असता, आणि शकाचा समजणारा त्याहून कितीतरी पुढे. दगडावर जागा थोडी असते, तरी त्या लिहिणाऱ्याने आकडा कशाला बांधला आहे ते सांगितले.

मग सगळेच बांधून टाकावे काय? तसेही मला म्हणवत नाही. आजी जात्यावर ओव्या म्हणे, त्यात भावाच्या नावाची जागा मोकळी असे. शेजारीण दळायला बसली की तीच ओवी तिच्या भावाची होई. ती जागा बांधली असती तर ओवी आमच्या घराबाहेर गेलीच नसती. विद्यार्थ्याने सांगितले, की लिस्पवाल्यांतही हे आहे. पॉल ग्रॅहम यांनी १९९३ सालच्या ‘ऑन लिस्प’ या पुस्तकात असे मॅक्रो दाखवले आहेत, जे मुद्दाम एक नाव मोकळे सोडतात, आपल्या ‘ते’सारखे, आणि वापरणाऱ्याने ते उचलावे हीच अपेक्षा असते. पण तिथे घेणाऱ्याला आधी सांगितलेले असते. आजीच्या ओवीतली जागा शेजारणीला माहीत होती. माझ्या ‘उपरोक्त’मध्ये जागा आहे, हे बडे बाबूंना मी कधी सांगितले नव्हते, मलाच ते दिसले नव्हते. म्हणून विद्यार्थ्याचे ते उत्तर मला आता मान्य नाही, आणि तसे मी त्याला फोनवर कळवले. तो म्हणाला, “सर, मग काहीच लिहिता येणार नाही.” वाद मिटलेला नाही.

त्या मुलाच्या घरी मी गेलो होतो, हे सांगायचे राहिले. वडील लूम बंद करून बाहेर आले, कानात कापूस होता तो काढला, खाट टाकली. मी घडले ते सगळे सांगितले. त्यांना राग आला नाही, त्यांना कळेना. “माट्साब, उस कागज में मेरे लड़के की शिकायत लिखी थी?” मी म्हटले, नाही. “उसका नाम लिखा था, कि ये खराब है?” नाव वर होते, तक्रारीत नव्हते. तक्रारीत ‘उपरोक्त’ होते. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटला आणि विचारले, “ये कौन है?”

आता मी पत्रात मुलाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि वर्ग प्रत्येक वाक्यात पुन्हा लिहितो. बडे बाबू निवृत्त झाले. नवीन आलेली मुलगी टाइप करताना कंटाळते. परवा तिने विचारले, “सर, एकाच पत्रात पाच वेळा तेच नाव? वाचायला बरे नाही वाटत.” मी म्हटले, नाही वाटत. पाचही ठेव.