आजी काय ठरवत होती?

आजीविषयी मराठीत हल्ली पुष्कळ लिहिलं जातं आणि ते वाचताना मला राग येतो. पुरणपोळी, नऊवारीचा मऊ पदर, आजारपणात कपाळावर ठेवलेला हात, तिन्हीसांजेचा दिवा. लिहिणारा कुणीही असो, आजी तीच. नाव बदललं की तोच मजकूर शेजारच्या घरालाही चालावा. जी बाई पाऊणशे-ऐंशी वर्षं जगली, तिच्यापाशी स्वतःचं म्हणून एवढंच होतं का? लिहिणाऱ्यांचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरं असूनही त्यातून आजी अशी पुसट व्हावी, हे मला खुपतं.

नामवंत आजीचंही तेच होतं. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची आठवण पुणं कशी काढतं ते पाहा. त्यांचं नाव काढलं की पहिल्यांदा स्कूटर निघते. 1950च्या दशकात पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी बाई! ब्रह्मदेशातला 1905 सालचा जन्म, हुजूरपागा, रँग्लर परांजप्यांचं घर, महर्षी कर्व्यांची सून, डेक्कन कॉलेज, ‘युगान्त’ हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. पण 1928 साली त्या बर्लिनला निघाल्या तेव्हा सासऱ्यांचा विरोध होता, हे किती जण सांगतात? स्त्रीशिक्षणासाठी जन्म घालवलेल्या माणसाला सुनेनं शिकायला परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवरा, दिनकर, पाठीशी राहिला, काँग्रेसचे जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं आणि त्या गेल्या. तिथं त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. त्यांच्या वंशविचारानं पुढं नाझी राजवटीला शास्त्राचा आधार पुरवला. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध असावा, ही फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध आढळत नाही, असं प्रबंधात नोंदवलं. जिच्या पदवीचा निर्णय त्या गुरूच्या हाती होता, त्या विशीतल्या मुलीनं हे लिहिलं. माझ्या लेखी त्यापुढं स्कूटर काहीच नाही.

2024 साली त्यांची नात ऊर्मिला देशपांडे (गौरी देशपांडे यांची मुलगी) हिनं थियागो पिंटो बार्बोसा या अभ्यासकाबरोबर ‘इरू’ हे आजीचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. नातीनं अभ्यासकाला सोबत घ्यावं, हीच मला मोठी गोष्ट वाटते. कारण बर्लिनची गोष्ट शौर्याशी संपत नाही. फिशर यांचं अनुमान इरावतीबाईंनी नाकारलं. मोजपट्टी मात्र ठेवली. भारतात परतल्यावर त्या वर्षानुवर्षं जातीजमातींची शरीरमापनं घेत राहिल्या. निकाल चुकीचा ठरला तरी पद्धत शाबूत राहते, असं त्यांना का वाटलं असेल? हा प्रश्न आजीला विचारण्याजोगा आहे, आणि विचारल्यानं तिच्यावरचं प्रेम तसूभर कमी होत नाही.

इथं एक आक्षेप येतो. तो माझ्या जवळच्या, शहाण्या माणसांकडून येतो, म्हणून त्याला टाळता येत नाही. ते म्हणतात: चिकित्सा मुलांनी करावी, अभ्यासकांनी करावी, नातवंडांचं नातंच वेगळं. आईशी भांडण असतं, आजीशी नसतं. ते निर्भेळ नातं तरी जगात असू द्या की. युक्तिवाद गोड आहे आणि मला तो पूर्ण चुकीचा वाटतो. भांडण नसतं म्हणूनच तर नातवंडं मोकळेपणानं विचारू शकतात. आईनं विचारलं असतं तर त्या प्रश्नाला जुन्या हिशेबाचा वास आला असता. नातीच्या प्रश्नाला तो नसतो. निर्वैर नजर ज्याला मिळाली त्यानंच डोळे मिटून घ्यायचे, हा कुठला न्याय?

मग हेच मित्र खुद्द इरावतीबाईंची साक्ष काढतात. ‘परिपूर्ती’ या लेखात सभेत त्यांची ओळख कुणाची सून, कुणाची पत्नी अशी करून दिली जाते आणि काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. पुढं रस्त्यावरची मुलं त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात, तेव्हा ती ओळख पुरी होते. पाहा, एवढी विदुषी, तिलाही नात्यातच पूर्णता वाटली! पण हा लेख लिहिला कुणी? कुठल्या नात्यानं आपली ओळख पुरी होते, ते त्या बाईनंच पारखलं, ठरवलं आणि 1949 साली तेच नाव पुस्तकाला दिलं. दुसऱ्यांनी तिच्या गळ्यात घातलेलं नातं आणि तिनं स्वतः निवडलेलं नातं, यांत हा आक्षेप फरकच करत नाही. शिवाय ‘युगान्त’मध्ये त्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी यांना जे विचारलं, ते पाहता आपल्या नातीनं आपल्यापुढं नुसते हात जोडावेत, अशी अपेक्षा त्यांची असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आजीच्या पाककृती जपणं म्हणजेच तिचा वारसा जपणं, हे मत मी बाजूला ठेवतो. पाककृती पुस्तकातही मिळते. जुन्या बायकांना मतंच नव्हती, परंपरेनं त्यांना घडवलं, असं म्हणणाऱ्यांनी इरावतीबाईंच्या सासूबाई बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ वाचावं. नवऱ्याच्या संस्थेपायी संसाराची झालेली ओढाताण त्या माउलीनं भीडभाड न ठेवता सांगितली आहे. आणि कर्व्यांचं घर लिहितं होतं, सगळ्यांचं कुठं असतं, असं कुणी म्हणेल, तर हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, एक लाखाहून अधिक. त्यांतल्या पुष्कळ पुण्याशेजारच्या मुळशीतल्या बायांच्या आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बायांनी सासर, भाऊ, विठोबा, बाबासाहेब यांच्याविषयी काय वाटतं ते दळता दळता सांगून ठेवलंय.

माझा आग्रह एवढाच आहे की आजीनं आपल्यासाठी केलेलं आणि आजीनं ठरवलेलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पहिलीत आपण मध्यभागी असतो, दुसरीत ती. माझ्या आजीच्या मोदकांविषयी आमच्याकडे अजून तासभर बोलणं होतं. 1977 साली तिनं आजोबांना न सांगता त्यांच्या पक्षाविरुद्ध मत दिलं, हे घरात सर्वांना माहीत आहे; का दिलं, हे कुणीच तिला विचारलं नाही. ती गेल्यावर मोदक कुणीतरी शिकून घेतले. ते कारण मात्र तिच्याबरोबर गेलं.

ही विभागणी कृत्रिम आहे, बायकांचं करणं आणि ठरवणं एकात एक मिसळलेलं असतं, असंही मला सांगितलं जातं. मान्य आहे, स्वयंपाकघरातही ठरवणं असतंच, तिथं तर फारच. 1972च्या दुष्काळात रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी आजीनं सगळ्यांना पुरवल्या आणि स्वतः शेवटी जेवली, ही गोष्ट कित्येक घरांत सांगतात, आमच्याही. तेव्हा नव्यानं आलेल्या सुनेला मुलांबरोबर आधी बसवायचं की आपल्याबरोबर शेवटी, हेही तिनंच ठरवलं होतं. ती सून, म्हणजे माझी आई, ते अजून विसरलेली नाही.