वेदी आणि दप्तर

जिंतूरकडील एका उपदेशकबंधूंनीं विचारलें आहे कीं, पुरुषाचा पुरुषाशीं किंवा स्त्रीचा स्त्रीशीं विवाह कायदेशीर करावा काय, असें खेड्यांतील मंडळी विचारते, तेव्हां आपण काय सांगावें? प्रश्न अवघड आहे. म्हणूनच तो टाळणें बरें नव्हे.

प्रथम झालें तें पाहूं. 1860 च्या दंडसंहितेचें 377 वें कलम अशा संबंधांस गुन्हा ठरवीत असे. 6 सप्टेंबर 2018 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञान माणसांच्या राजीखुषीच्या संबंधांपुरतें तें रद्द केलें. पुढें विवाहाच्या हक्कासाठीं अर्ज झाले. 17 ऑक्टोबर 2023 रोजीं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व इतर चार न्यायाधीशांनीं निकाल दिला. विवाह हा घटनेनें दिलेला मूलभूत हक्क नाहीं, ह्यावर पांचांचें एकमत झालें. विवाहाहून निराळ्या अशा एखाद्या कायदेशीर नात्यास दोघे अनुकूल होते, तिघे नव्हते. फेरविचाराचे अर्जही जानेवारी 2025 मध्यें फेटाळले गेले. आतां हें काम संसदेचें आहे.

वाचकहो, येथें प्रश्न दोन आहेत. वेदीपुढें काय उच्चारावें हा एक, आणि सरकारच्या दप्तरांत काय लिहावें हा दुसरा. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानें कोणत्याही धर्मविधीवांचून विवाह नोंदतां येतो. म्हणजे ही दोन ठिकाणें पूर्वींच निराळीं झालीं आहेत.

आपल्या वडिलांची गोष्ट आठवा. जिंतूर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. परंतु इंग्रजी मुलुखांत 1850 सालीं कायदा झाला कीं, धर्म सोडल्यामुळें कोणाचा वारसा जाऊं नये. पुष्कळांस तो धर्मबुडवा वाटला. शेजाऱ्यांस आमचें करणें पाप वाटत असतांही कायद्यानें आमचा वाटा राखला.

कोणी म्हणेल, हा दाखला जुळत नाहीं. तेथें धर्म बदलला, येथें विवाहाचें रूपच बदलतें, आणि कायदा लोकांच्या मनालाही वळण लावतो. ही शंका पोकळ नाहीं. पण दुसरी बाजूही पाहा. दोन बाया वीस वर्षें एका चुलीवर राहिल्या. एक मरण पावली. ज्यांनीं कधीं विचारपूस केली नाहीं ते भाऊ आले, घरास कुलूप लाविलें, आणि दुसरीस प्रेताजवळही उभें राहूं दिलें नाहीं. 2024 सालीं केंद्र सरकारनें कळविलें कीं, अशा जोडीस एका शिधापत्रिकेवर एक कुटुंब धरावें, बँकेंत जोडखातें उघडतां यावें, आणि जवळचे नातलग नसल्यास प्रेतही मागतां यावें. हें चांगलें झालें. पण आमच्या गोष्टींत नातलग आलेच होते; आणि एका पत्रानें दिलेलें दुसऱ्या पत्रानें काढून घेतां येतें.

ह्या नात्यास विवाह म्हणावें कीं दुसरें नांव द्यावें, ह्याविषयीं आमच्याही मनाचा निकाल लागलेला नाहीं. परंतु जो नाहीं म्हणतो, त्यानें त्या दाराबाहेर बसलेल्या बाईनें काय करावें हेंही सांगितलें पाहिजे. तें सांगितल्यावांचून त्याचा नकार अपुरा आहे.

आणि एक गोष्ट तर उपदेशकाच्या हातचीच आहे. मुलाचें मन स्त्रीकडे नाहीं हें जाणूनही, लग्न झालें म्हणजे सुधारेल, असें म्हणून आईबाप कोणा गरिबाची मुलगी सून म्हणून आणतात. त्या मुलीस कोणी कांहीं सांगत नाहीं. तिचा जन्म फुकट जातो, मुलाचाही. असें लग्न लावण्यास कोणी बोलावलें, तर उपदेशकानें आधीं मुलास एकांतीं विचारावें, आणि खरें कळल्यास पुस्तक मिटून घरीं परत यावें. दिल्लीचा निर्णय लागेल तेव्हां लागेल. ह्यासाठीं त्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.