मारिया घाईने निघाली



उतारवयात एलिझाबेथला दिवस गेले आहेत, हे देवदूताकडून कळताच पवित्र मारिया घाईने डोंगराळ प्रदेशात निघाली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली, असे संत लूक सांगतो (१:३९-५६). देवाचा चमत्कार झाला होता. तरीही सोबतीची गरज संपली नव्हती.

आपल्या घरी काय घडते? गरोदर सुनेचे डोके सतत ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा सुजतो. आपण म्हणतो, ‘अशा दिवसांत एवढे चालायचेच.’ पण रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव काही तासांतच जीव घेऊ शकतो. अंगावर काढलेला ताप जंतुसंसर्गाचा असू शकतो. मग अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून आपण म्हणतो, ‘देवाची इच्छा!’

बंधू-भगिनींनो, आपल्या दिरंगाईला देवाची इच्छा म्हणू नये. देव माणसांच्या हातूनही आपले कार्य करतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. डॉक्टर, परिचारिका, १०८ रुग्णवाहिकेचा चालक, रक्तदाता हे सारे त्याचेच हात आहेत.

संत जियान्ना बेरेत्ता मोल्ला ही इटलीतील डॉक्टर. १९६१ साली गरोदरपणात तिच्या गर्भाशयात गाठ आढळली. तिने शस्त्रक्रिया करून घेतली, मात्र बाळाचा जीव राखण्यास सांगितले. २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी जन्मली. आठवड्याभरात जंतुसंसर्गाने आईने प्राण सोडला. २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद दिले. तिने उपचार नाकारले नव्हते. त्याग तिने स्वतः होऊन दिला. कोणत्याही आईकडून तो आपल्या हलगर्जीपणाने हिसकावून घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

कधी कधी सारे वेळेवर होऊनही माता दगावते. अशा घरी दोष शोधू नका. जाऊन जवळ बसा, बाळाला पाहा, थोरल्या मुलांना जेवू घाला.

या आठवड्यात आपल्या आळीतील गरोदर भगिनीची विचारपूस करा. रात्री-अपरात्री गाडी कोण काढील, रक्त कोण देईल, हे आधीच ठरवा. प्रकृती गंभीर झाल्यास धर्मगुरूंना लगेच बोलवा. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग केवळ शेवटच्या घटकेसाठी नसतो.

घाईने निघालेली पवित्र मारिया आपल्या पावलांना वेग देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू