वकिलाचें रान

वकिली सोडून रानांत राहावयास गेलेल्या मनुष्याला निवृत्त म्हणावें काय? आमच्या शास्त्रकारांनीं प्रपंच पुरा करून वनाकडे वळणारासाठीं वानप्रस्थ हा शब्द ठेविला आहे. आणि उतारवयांत काळा डगला खुंटीस टांगून गडकिल्ले हिंडणाऱ्या विधिज्ञांविषयीं आपण सारेच कौतुकानें बोलतों. परंतु भिसेगांवाभोवतालच्या मुलखांत ज्या वकिलाचें नांव अद्याप आदरानें घेतलें जातें, त्याचा वनवास या दोहोंपैकीं कोणत्याच जातीचा नव्हता. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोटवाल १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानास एका गरीब नाभिक कुटुंबांत जन्मले, कायद्याची पदवी घेऊन वकील झाले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाच्या रानांत पोलिसांच्या गोळीस बळी पडले. वय अवघें तीस.

भिसेगांव कर्जत स्थानकाला लागून आहे. एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीची भिंत, मध्यें उल्हास नदीचें खोरें, असा हा मुलूख. माथेरानास हवा खावयास येणारे निराळे आणि तेथें वाढणारे निराळे. पाहुण्याला डोंगर हा देखावा असतो. तेथील गरिबाच्या पोराला तो रोजचा रस्ता असतो. कोटवालांना रानाची ओळख झाली ती अशी. पुढें ज्या पाऊलवाटांनीं त्यांना आश्रय दिला, त्या कोणा हौशी गिर्यारोहकानें शोधलेल्या नव्हत्या. लांकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांच्या त्या वाटा होत्या.

वकील होऊन मोठ्या शहरांत बस्तान बसविणें त्यांना अशक्य नव्हतें. ते आपल्याच मुलखांत राहिले. माथेरानच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. खेड्यांत शाळा काढल्या. आणि पावसाळ्यांत घरांतलें भात सरलें म्हणजे कुळाला सावकाराच्या दारीं जावें लागूं नये, म्हणून धान्याच्या पेढ्या उभ्या केल्या. धान्यपेढी हा शब्द आज कागदी वाटेल. पण श्रावणांत घेतलेलें भात सुगीला वाढीदिढीनें फेडतां फेडतां पुढल्या श्रावणापर्यंत घर पुन्हां रिकामें होतें, हें ज्यानें पाहिलें असेल त्याला त्याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाहीं. आमच्या मतें कोटवालांची खरी वकिली ती हीच. कोर्टांतला वकील झालेल्या अन्यायाची दाद मागतो. भाताची कोठी अन्यायाला दारांतच अडविते.

यानंतर १९४२ चा ऑगस्ट आला, आणि आमचा प्रश्न येथेंच सुरू होतो. कोटवाल भूमिगत झाले. त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभारला, आणि मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे लोखंडी मनोरे पाडण्याचें काम त्या दस्त्यानें हातीं घेतलें. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं आणि भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें होतें. घाटमाथ्यावरचें पाणी कोंकणांत उतरवून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालत. (ज्यांच्या माथ्यावरून या तारा जात, त्या झोंपड्यांत दिवा रॉकेलचाच असे, हेंही ध्यानांत ठेवावें.)

कायदा परकी होता, म्हणून तो मोडण्यांत दोष नाहीं, असें उत्तर आपल्याकडे चटकन् दिलें जातें. आम्हांस तें फार सोपें वाटतें. ज्या कायद्याच्या आधारें हा वकील कुळांची बाजू मांडूं शकत होता, तोही त्याच सरकारचा होता. शिवाय मनोरा पडला म्हणजे अंधार केवळ सरकारच्या कचेरींत होत नाहीं. गिरणी थांबली कीं मजुराचा रोज बुडतो. हे आक्षेप खोटे नाहींत, आणि हुतात्म्याच्या नांवापुढें ते उच्चारूंच नयेत असें मानणें म्हणजे त्याला विचारांतून वगळून देव्हाऱ्यांत बसविणें होय.

पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. कायद्याची किंमत ठाऊक नसलेला मनुष्य कायदा मोडतो, तेव्हां त्यानें कांहीं मोठेंसें टाकलेलें नसतें. कोटवालांनीं पदवी, धंदा आणि प्रतिष्ठा टाकून ही वाट धरली. आणि ती धरण्यापूर्वीं अर्ज, दावा, शाळा, कोठी हे सारे सनदशीर उपाय हातांनीं करून पाहिले होते. लोखंडावर घाव घालणें आणि माणसावर घाव घालणें यांतला भेदही लहान नाहीं. आमच्या मनाचा कौल त्यांच्याच बाजूस जातो. तो निःशंकपणें जातो असें मात्र म्हणवत नाहीं.

खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. हा सारा वाद न्यायासनापुढें व्हावयास हवा होता, आणि युक्तिवाद करण्यास स्वतः आरोपीच समर्थ होता. सिद्धगडावर पहाटे पोलिसांनीं दस्त्याला गांठलें. गोळीबारांत हिराजी पाटील आणि कोटवाल दोघेही कामास आले. इतरांची बाजू मांडणाऱ्या वकिलाची बाजू कोणत्याच कोर्टानें ऐकली नाहीं. आतां दरवर्षीं जानेवारीच्या आरंभीं लोक सिद्धगडाशीं जमून त्यांना अभिवादन करितात, २०२० सालीं त्यांच्यावर चित्रपटही निघाला. हें योग्यच झालें. परंतु या स्मरणांत अखेरची पहाट जितकी येते, तितक्या आधीच्या भाताच्या कोठ्या येत नाहींत. मरणाचें चित्र काढतां येतें. उसन्या भाताचा हिशेब चित्रांत बसत नाहीं.

कुळांसाठीं ज्या न्यायाची त्यांना तळमळ होती, तो कायद्याच्या रूपानें मुंबई राज्यांत १९४८ सालीं आला, आणि कसणाऱ्या कुळाला मालकी देणारा ‘कृषक दिन’ १ एप्रिल १९५७ रोजीं उजाडला. कोटवाल हयात असते तर त्या दिवशीं चव्वेचाळीस वर्षांचे असते, म्हणजे वकिलाच्या धंद्यांत ऐन भराचें वय. ज्यांचीं नांवें दप्तरांत कधीं चढलींच नव्हतीं अशा कसणाऱ्यांचे अर्ज लिहावयास तेव्हां कर्जतच्या कचेरीबाहेर एक चांगला वकील हवाच होता.