सुटीतला खोळंबा

मे महिन्याची सुटी लागली की इंदूरची मराठी कुटुंबे मुलाबाळांसह जळगाव, पुणे, मुंबईकडे निघतात, आणि कोणाची ना कोणाची गाडी रखडतेच. अशा वेळी आपल्यातील काही भाविक लगेच म्हणतात, उशीर झाला यातही देवाचा हेतू आहे. आम्हांला हे इतक्या सहज म्हणवत नाही. त्याच डब्यात कोणी मरणोन्मुख आईला भेटावयास निघालेला असेल, तर त्याच्यासमोर आपण खोळंब्याला आशीर्वाद कसे म्हणावे? मग त्यात मोल आहे ते कोणत्या अर्थाने?

मार्ककृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. याईराची बारा वर्षांची मुलगी अखेरच्या घटका मोजीत आहे. प्रभू त्याच्याबरोबर निघाला आहे. वाटेत रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते, आणि प्रभू थांबतो. ती बरी झालेलीच होती. तरी तिला समोर आणून तिची सगळी हकीकत तो ऐकून घेतो. तेवढ्यात मुलगी गेल्याचा निरोप येतो. शब्बाथशाळेत आपण या दोन गोष्टी बहुधा दोन निराळ्या रविवारी शिकवतो, त्यामुळे त्यांतला ताण मुलांना दिसतच नाही. एकाच थांबण्यात बाईला जीवन मिळाले आणि बापाच्या काळजाचे पाणी झाले. उशीर झाला हे बरेच झाले, असे प्रभूने याईराला सांगितले नाही. भिऊ नको म्हणाला, आणि त्याच्या घरापर्यंत चालत गेला.

अमेरिकेत प्रिन्स्टन येथील ईश्वरविज्ञानाच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग डार्ली व बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले; वाटेत दारापाशी एक मनुष्य खोकत, कण्हत बसवला होता. घाई नसलेल्यांपैकी शेकडा ६३ जणांनी त्याला काही ना काही मदत केली. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी शेकडा १० जणांनी. निम्म्यांना तर चांगल्या शोमरोन्यावरच बोलावयाचे होते! त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ही मुले काही निर्दय नव्हती. त्यांच्याजवळ वेळ नव्हता, एवढेच.

खोळंबा आपल्याला चांगुलपणा देत नाही. तो घाई काढून घेतो. तीही सर्वांची नव्हे. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्याची घाई गाडी थांबल्याने उलट वाढते. सुटीवर निघालेल्या कुटुंबाचे तसे नसते. मामाचे घर चार तासांनी पळून जात नाही. तेव्हा हा मोकळेपणा फार करून त्यांच्याच वाट्याला येतो, आणि तेच स्टेशनमास्तरवर सर्वांत मोठ्याने ओरडताना दिसतात!

आमच्या भागात एके काळी थांबणे हा प्रवासाचाच भाग होता. खंडव्याहून इंदूरकडे येणारी मीटरगेजची गाडी काळाकुंडला उभी राही, कारण पातालपाणीचा घाट चढावयास तिला जादा इंजिन जोडावे लागे; चढ चाळिसास एक असा. तेवढ्या वेळात लोक उतरत, पानात बांधलेला कलाकंद घेत, आणि परक्या माणसांशी बोलत. तो मार्ग आता रुंदीकरणासाठी बंद झाला आहे. मात्र २०१८ च्या डिसेंबरात पातालपाणी ते काळाकुंड अशी सहलीची गाडी सुरू झाली, आणि जी मंदगती पूर्वी लोक मुकाट्याने सोसत, तिच्यासाठी मुद्दाम तिकीट काढू लागले. याचे आम्हांला हसू येते.

गाडी रखडली म्हणजे मुलांना एक काम सांगून पाहावे: आपल्या डब्यात याईर कोण आहे ते शोधा. एखादा सारखा घड्याळ पाहत असतो, एखादी बाई फोन लागत नाही म्हणून रडकुंडीला आलेली असते. तिला आपला फोन द्यावा, पाणी विचारावे, स्टेशन आले की तिला आधी उतरू द्यावे. गाडीत देवाचा हेतू काय, हे तिला समजावून सांगू नये.