न तपासलेली पुंगळी

अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याचा छंद जुना आहे. सायलेन्सर लावलेल्या रायफलीसाठी गोळी जड घेतात, दारू कमी, आणि वेग आवाजाच्या वेगाखाली, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या आत ठेवतात. कारण सायलेन्सर नळीच्या तोंडचा स्फोट दाबतो, हवा चिरत जाणाऱ्या गोळीचा कडाका नाही. गोम आहे ती कमी दारूत. काडतुसाच्या मोठ्या पुंगळीत ती तळाशीच राहते. चुकून दोनदा पडली तरी उतू जात नाही. मुळीच पडली नाही, तर नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीच्या, जोराने गोळी नळीत जाऊन अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटू शकते. म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेड धरून डोकावायचे, हा नियम. समजा, दोघांनी तो धाब्यावर बसवला. एकाच्या पुंगळ्या योगायोगाने ठीक निघाल्या. दुसऱ्याच्या एकीत दारू दुप्पट होती आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा डोळा गेला. मग दुसरा अधिक दोषी का?

तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ साली ‘नैतिक नशीब’ म्हणून चर्चेला घेतलेला पेच तो हाच. माझ्या मते दोष दोघांचा सारखा. दुसऱ्याच्या माथी जास्तीचे पडते ते देणे, म्हणजे मित्राचा उपचार, भरपाई, त्याच्यासमोर उभे राहणे. ‘हेतू पाहा’ म्हणून इथे भागत नाही, कारण वाईट हेतू दोघांचाही नव्हता. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्रमादालाच, म्हणजे बेफिकिरीलाच, मध्यभागी ठेवले, ते इथे नेमके लागू पडते. जीव गेला की नाही एवढ्यावर ती परंपरा थांबत नाही: जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली किडा आला तर त्याला हिंसेचा दोष लागत नाही, आणि बेफिकीर चालणाऱ्याला किडा वाचला तरी लागतो.

बंदुकीच्या दारूपाशी जैन विचार आणणे विपरीत वाटेल. वाटायलाच हवे. हिंसेची साधने दुसऱ्याला पुरवणे हेच मुळी जैन गृहस्थाला वर्ज्य आहे, तेव्हा उमास्वातींच्या नावाने या छंदाला प्रशस्तिपत्र मिळणार नाही. मी तिथून घेतो ती फक्त दोष मोजण्याची रीत. दुसरा आक्षेप जड आहे: असे असेल तर कधी ना कधी विसरलेला प्रत्येक जण गुन्हेगार ठरेल. शिक्षेपुरते तसे होत नाही, कारण कायद्याला बहुधा दिसणारी, सिद्ध करता येणारी इजा लागते आणि ते योग्यही आहे. शिवाय विसरणे आणि ‘आज कशाला’ म्हणून सोडून देणे यांत फरक आहे. पहिल्यात दोष असलाच तर थोडा, दुसऱ्यात पुरता. पण नशिबाने वाचलेल्या पहिल्या माणसाला ‘काही झाले नाही ना’ एवढ्यावर स्वतःला सोडून देता येत नाही. त्याने न तपासलेली उरलेली काडतुसे अजून डब्यात आहेत, आणि ती उघडून बघायचे काम त्याचेच आहे.